मापात उतरलेलं चित्र

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणारी मध्य रेल्वेची लाइन आणि चित्रपटाचं काम यांचा संबंध सहसा कुणी जोडत नाही. पण तो आहे. या लाइनीवर मुंबईच्या बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर १८५७ साली सुरू झालेली सर जे. जे. कलाशाळा आहे. दुसऱ्या बाजूला कर्जतजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या दोहोंच्या मध्ये येतात. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिलेली, गणपतीत मंडळाचा देखावा रंगवणारी, शाळेच्या फळ्यावर सणावारी रंगीत खडूनं चित्र काढणारी मुलं-मुली असतातच. त्यांना घरचे, शेजारचे, कधी चित्रकलेचे सरही सांगतात, ‘हात चांगला आहे, सिनेमात जा.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. चांगला हात माणसाला दारापर्यंत आणतो. दार उघडतं ते वेगळ्या गोष्टीमुळे. आपलं चित्र पाहण्यासाठी आहे हा हट्ट सोडून, त्यावरून दुसऱ्यानं काहीतरी बांधावं, शिवावं, घडवावं म्हणून ते काढायला जो शिकतो, तोच कथाचित्रकार चित्रपटाचा कलादिग्दर्शक होतो. मराठी चित्रपटाचा शंभर वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो, असं माझं म्हणणं आहे. आपल्या कलाशिक्षणात याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, हेही मला तितक्याच तीव्रतेनं सांगायचं आहे.

हे काम नेमकं काय असतं, ते आधी पाहू. समजा, पटकथेत ओळ आहे: रात्र, घर, बाई दिवा विझवते. लेखकाचं काम तिथं झालं. आता दिवा कुठला? चिमणी, कंदील, समई, की चाळीतल्या खोलीतला शून्याचा बल्ब? घर स्वतःचं की भाड्याचं? भिंत चुन्याची, मातीनं लिंपलेली की पत्र्याची? चूल कुठल्या बाजूला, आणि तिच्यामुळे कुठली भिंत काळी झाली असेल? लिहिलेल्यातून न लिहिलेलं वाचणं हीच कलादिग्दर्शकाची पहिली पायरी. कथेसाठी चित्र काढणारा माणूस नेमकं हेच करतो, म्हणून या क्षेत्रात तो उपरा नसतो. दिवाळी अंकांच्या ज्या परंपरेत हा लेख छापला जातो आहे तिचंच उदाहरण घ्या. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांच्या आणि रघुवीर मुळगावकरांच्या पिढीनं मराठी वाचकाला कथेतली माणसं डोळ्यांनी पाहायला शिकवलं. नायिकेचं लुगडं, ओसरीचा खांब, पारावरचा म्हातारा हे सगळं चित्रकारानं ठरवायचं असे, कारण लेखकानं ते सांगितलेलं नसे. पण कथाचित्रकाराकडे एक सवलत असते, ती कलादिग्दर्शकाला कधीच मिळत नाही. जे सुचलं नाही ते तो सावलीत ढकलू शकतो किंवा कागद तिथं कोरा सोडू शकतो. ओसरीच्या मागं काय आहे, हे त्याला कुणी विचारत नाही. सेटवर मात्र नट कपाट उघडतो. दिग्दर्शक ऐन वेळी कॅमेरा समोरच्या भिंतीकडे वळवतो. ट्रॉली आत येण्याइतकं दार रुंद हवं, कॅमेऱ्याला मागं सरकायला जागा मिळावी म्हणून एखादी भिंत सुटी करून हलवता यायला हवी. प्लायवुडचा ताव आठ बाय चारचा, म्हणून भिंतीचे जोड कुठं येतील हे आधी ठरवायला हवं. आणि हे सगळं ठरलेल्या पैशात, ठरलेल्या सकाळी उभं असायला हवं.

म्हणूनच सुंदर दृश्य आणि मापाचं रेखाटन या दोहोंतला फरक समजणं हा या वाटेवरचा खरा टप्पा आहे. तो समजून घ्यायला अंबरनाथकराला गाव सोडायची गरज नाही. वालधुनी नदीच्या काठावरचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, ही नोंद आहे. काळ्या पाषाणातलं हे भूमिज पद्धतीचं देऊळ. सभामंडपातून गाभाऱ्यात जाताना आपण चढत नाही, पायऱ्या उतरून खाली जातो. त्या खोल गाभाऱ्यावर शिखराचं छत नाही, वर उघडं आकाश दिसतं. आता या देवळाचं समोरून कितीही देखणं जलरंग चित्र काढलं, तरी ही उतरण त्यात दिसणार नाही. ती दिसते उभ्या छेदात, म्हणजे देऊळ मधोमध कापलं तर आतून कसं दिसेल ते मापानं दाखवणाऱ्या रेखाटनात. १८६८ साली मुंबई सरकारनं याच देवळाचं सर्वेक्षण जे. जे. कलाशाळेच्या माणसांकडून करवून घेतलं. त्यांनी आराखडे काढले, शिल्पांचे साचे घेतले. मुंबईच्या या कलाशाळेनं सुरुवातीच्या काळात हाती घेतलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक होतं. तिथं गेलेल्या ड्राफ्ट्समनांचं काम देवळाचा भाव पकडण्याचं नव्हतं. ज्यानं देऊळ पाहिलेलंच नाही, त्याला कागदावरून खांबाची जाडी आणि पायरीची उंची कळावी, यासाठी त्यांना पाठवलं होतं. कलादिग्दर्शकाच्या टेबलावर आज जो कागद असतो, त्याचा हा थेट पूर्वज आहे. पाव इंचाला एक फूट या प्रमाणात काढलेला आराखडा सुताराच्या हातात गेला की चित्रकारानं तिथं उभं राहण्याची गरज उरत नाही.

भारतीय चित्रपटाची सुरुवात ज्या माणसापासून मोजली जाते, तो याच शिस्तीतून आला होता, हे सहसा सांगितलं जात नाही. धुंडिराज गोविंद फाळके १८८५ साली जे. जे. मध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. १९०३ च्या सुमारास त्यांनी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली. स्वदेशीच्या चळवळीत ती सोडून ते छपाईच्या धंद्यात पडले. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. फाळक्यांची कहाणी सांगताना आपण त्यांनी पाहिलेल्या ख्रिस्तावरच्या चित्रपटापाशी आणि भांडवलासाठी विकलेल्या दागिन्यांपाशी थांबतो. पण ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला तेव्हा त्यातला राजवाडा, अरण्य, पोशाख हे सगळं ज्यानं ठरवलं, त्याच्या हाताला जुन्या वास्तूंची मापं घेण्याची आणि छपाईच्या ब्लॉकसाठी चित्राचे थर वेगळे करण्याची सवय होती. एक चित्र अनेक हातांत वाटून पुन्हा एकत्र कसं आणायचं, हे त्यांना छापखान्यात आधीच कळलं होतं. माझ्या मते त्यांच्या चित्रकर्तृत्वाइतकंच हे शिक्षण महत्त्वाचं होतं.

कोल्हापुरात हीच गोष्ट आणखी ठळकपणे घडली. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यातले भाऊ संगीत नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगवत. त्या काळच्या नाटकात राजवाडा, बाग, रस्ता हे सगळं कापडावर असे. पडद्यावरच्या खांबांमागं काहीच नसे आणि प्रेक्षकाला तसं चालत असे. पडद्याचा चित्रकार हा त्या काळचा मोठ्या मानाचा कलावंत होता. बाबूरावांची ‘पेंटर’ ही ओळख तिथूनच आली. दोघांनी मिळून कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. आता विचार करा. ज्या माणसाचं सगळं नाव रंगवलेल्या पडद्यामुळे होतं, त्यानंच चित्रपटात तो पडदा बाजूला सारून खोली असलेले, फिरता येतील असे सेट उभे केले. चित्रपटाच्या आधी तो वेशभूषेची, पात्रांची, हालचालींची रेखाटनं करत असे. ‘सिंहगड’च्या वेळी त्यानं कृत्रिम प्रकाश वापरून पाहिला. ‘सावकारी पाश’मध्ये, १९२५ साली, एक दरिद्री झोपडी आणि भुंकणारा कुत्रा एवढ्यावर कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं जग उभं केलं. यातलं काहीही ‘सुंदर चित्र’ या वर्गात बसत नाही. बाबूरावांचा पडदा रंगवणारा हात त्या झोपडीत दिसतही नाही. दिसतो तो त्यांचा निर्णय: इथं किती कमी हवं. चित्रकारानं आपल्याच सर्वांत चांगल्या कौशल्यावर उदक सोडणं म्हणजे काय, याचं इतकं स्पष्ट उदाहरण जगाच्या चित्रपटातही फार सापडणार नाही.

त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. तिच्या कलाविभागाचे प्रमुख शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा, मूळचे कागलचे आणि बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. ‘अमृतमंथन’मधला देवीच्या मंदिराचा भव्य भयानकपणा आणि ‘संत तुकाराम’मधलं देहूचं साधं घर यांमागं एकच कलाविभाग आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. त्यातली चूल, जातं, गोठा यांत सजावट म्हणावी असं काही नाही. तुकारामांची बायको आवली हिची चिडचिड पटते, कारण तिच्या घरात खरोखरच काही नाही आणि ते ‘काही नसणं’ कुणीतरी विचारपूर्वक मांडलं आहे. स्वतःची शैली ओळखू यावी असं चित्रकाराला वाटतं. फत्तेलालांनी आपली शैली प्रत्येक कथेच्या हवाली केली.

नेमक्या अर्थानं कथाचित्रांकडून चित्रपटाकडे गेलेली व्यक्ती पाहायची तर भानू अथैय्यांकडे यावं लागतं. त्यांचं क्षेत्र वेशभूषेचं होतं. पण माणसाच्या अंगावरचं कापड हाही पडद्यावरच्या जगाचाच भाग, तेव्हा त्यांचं उदाहरण इथं पूर्णपणे लागू आहे. १९२९ साली कोल्हापुरात जन्म. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार होते आणि बाबूराव पेंटरांबरोबर काम केलेले. भानूताई जे. जे. मध्ये शिकल्या, सुवर्णपदक मिळवलं, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. त्याच वेळी त्या ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या मासिक-साप्ताहिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढत होत्या. साप्ताहिकाच्या संपादकांनी बुटिक काढलं आणि कागदावरचे कपडे प्रत्यक्ष करून पाहा असं सुचवलं. इथं सगळं बदललं. कागदावर पदर हवा तसा उडवता येतो. खऱ्या कापडाला वजन असतं, त्याला शिवण लागते, घाम लागतो, नाचताना ते कुठंतरी अडकतं. हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. १९५६ च्या ‘सीआयडी’पासून त्या चित्रपटात आल्या. ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं आणि असं पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. ‘गांधी’त सभा, मोर्चे, स्टेशनं आहेत, हजारो माणसं आहेत, दशकं उलटत जातात. एका सुंदर पोशाखाच्या रेखाटनानं तिथं काहीही साधलं नसतं. कुठल्या वर्षी कुठल्या थरातला माणूस कुठलं जाड सूत नेसेल, किती धुतलेलं, किती विरलेलं, हे ठरवून ते शिवणाऱ्या आणि नेसवणाऱ्या कितीतरी हातांपर्यंत बिनचूक पोचवायचं होतं.

एम. आर. आचरेकरांचं उदाहरण थोडं वेगळं आणि म्हणूनच उपयोगी. ते व्यक्तिचित्रणातले सिद्धहस्त, लंडनमध्ये शिकून आलेले, १९३५ च्या ब्रिटिश राजघराण्याच्या समारंभाचं चित्र काढण्याचा मान मिळालेले. ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात त्यांनी मानवी देहाकडे पाहण्याची भारतीय दृष्टी आणि प्रत्यक्ष देह समोरासमोर ठेवले. राज कपूरच्या ‘आवारा’मधलं स्वप्नदृश्य, ते ढग, तो जिना, ती प्रचंड मूर्ती हे त्यांच्या कलादिग्दर्शनाखाली उभं राहिलं. ‘कागज के फूल’साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. आता कुणी म्हणेल, ‘आवारा’चं स्वप्न तर चक्क चित्रच आहे, तिथं तुमचा ‘मापाचा’ सिद्धांत कुठं टिकतो? टिकतो, आणि चांगलाच टिकतो. ढगांत नाचणाऱ्या माणसांच्या पायाखाली जमीन लागते, जिन्याच्या पायऱ्या नटीच्या पावलाला जमाव्या लागतात, धूर किती वेळ खाली बसून राहील याचा हिशोब लागतो. स्वप्न जितकं हवेतलं, तितकं त्याचं बांधकाम पक्कं लागतं.

परदेशात हा फरक श्रेयनामावलीतच नोंदला गेला आहे. ‘गॉन विथ द विंड’च्या वेळी, १९३९ साली, निर्माता सेल्झनिकनं विल्यम कॅमेरॉन मेन्झीस या चित्रकाराला संपूर्ण चित्रपटाच्या दृश्यरचनेचं श्रेय दिलं, कारण मेन्झीसनं एकेक चौकट रेखाटून कॅमेरा कुठं असेल आणि रंग कसे बदलतील इथपर्यंत सगळं बांधून दिलं होतं. त्याच्या उलट ‘स्टार वॉर्स’. राल्फ मॅक्वॉरी बोइंगमध्ये तांत्रिक चित्रं काढणारा माणूस. जॉर्ज ल्यूकसच्या डोक्यातलं जग त्यानं इतकं जिवंत रंगवलं की त्या चित्रांमुळे स्टुडिओला चित्रपटाची कल्पना पटायला मदत झाली. पण १९७७ च्या त्या चित्रपटाचं कलादिग्दर्शनाचं ऑस्कर जॉन बॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांना मिळालं. यात मॅक्वॉरीवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. त्यानं जग कल्पिलं. बॅरीनं ते प्लायवुड, प्लास्टर आणि भंगारातून आणलेल्या यंत्रांच्या भागांतून चालण्याजोगं केलं. दोन्ही कामं थोर आहेत, पण ती एक नाहीत. तरुण चित्रकारानं आपल्याला यांतलं कोणतं करायचं आहे हे लवकर ओळखावं. दृश्यकल्पना रंगवण्याचं काम हाही आज स्वतंत्र आणि मानाचा व्यवसाय आहे. कलादिग्दर्शनाची अर्धी वाट म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

बंगालमध्ये ही दोन कामं दोन माणसांत विभागून एकत्र आली. सत्यजित राय हे डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीतले चित्रकार. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढताना त्यांना त्या कथेत चित्रपट दिसला. पण त्यांच्या शेजारी बन्सी चंद्रगुप्त होते. तेही मूळचे चित्रकारच, दिग्दर्शक रेन्वारच्या ‘द रिव्हर’ या चित्रपटावर काम करून सेटचं तंत्र शिकलेले. ‘अपराजितो’मधलं बनारसचं घर स्टुडिओत बांधलं, तेव्हा चौकाच्या वर पांढरं कापड ताणून त्यावरून प्रकाश परतवला गेला आणि वरून झिरपणारा दिवसाचा उजेड खरा वाटू लागला. छायालेखक सुब्रत मित्रांची ही युक्ती छायालेखनाच्या इतिहासात वाखाणली जाते. पण चौक तसा बांधलेला असल्याशिवाय त्या युक्तीला जागाच मिळाली नसती. भिंत बांधताना उजेडाचा विचार करणं हे कागदावरच्या चित्रकाराला परकं वाटतं, कारण कागदावर उजेड त्याच्या मालकीचा असतो. सेटवर तो छायालेखकाचा असतो.

इथं सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळायला हवं. मापच महत्त्वाचं, तर मग चित्रकार कशाला? वास्तुविशारद बरा, अंतर्गत सजावट शिकलेला बरा. आणि नितीन देसाई तर कथाचित्रकार नव्हतेच, जे. जे. मध्ये छायाचित्रण शिकले होते. खरं आहे. केन अ‍ॅडम हा बाँडपटांचा आणि ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’च्या युद्धकक्षाचा रचनाकार वास्तुकला शिकला होता. देसाई १९८७ मध्ये कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली शिकत शिकत पुढे गेले. पण अ‍ॅडमची ओळख त्याच्या जाड पेननं झरझर काढलेल्या, अंधारानं भरलेल्या रेखाटनांनी आहे. वास्तुविशारदाला तिथं कथाचित्रकाराची भाषा शिकावी लागली. कथाचित्रकाराला जो प्रवास कागदाकडून मापाकडे करावा लागतो, तोच वास्तुविशारदाला मापाकडून कथेकडे करावा लागतो. घर कसं उभं राहतं हे वास्तुविशारदाला कळतं. त्या घरात वीस वर्षं राहिलेल्या विधवेनं भिंतीवर कुठं हात टेकला असेल, हे त्याला वेगळं शिकावं लागतं. ‘लगान’ पाहा. कच्छमध्ये भुजजवळ उभं केलेलं चंपानेर गाव देसाईंचं, गावकऱ्यांच्या अंगावरचे कपडे भानू अथैय्यांचे. एक छायाचित्रणातून आलेला, एक मासिकांच्या रेखाचित्रांतून आलेली, आणि दोघांनाही त्या एकाच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दुष्काळानं पिवळ्या पडलेल्या मातीत घरं आणि माणसं यांचा रंग एकाच सुरात लागतो, तो दोघांनी एकच कथा वाचली म्हणून. सुरुवात कुठून झाली हे तिथं गौण ठरलं.

दुसरा आक्षेप कलावंतांकडूनच येतो: चित्रकाराचं स्वत्व यात हरवतं, तो दुसऱ्याच्या कल्पनेचा कारागीर होतो. मला हा आक्षेप कळतो पण पटत नाही. बाबूराव पेंटर चित्रपटातून बाहेर पडल्यावरही शिल्पं आणि चित्रं करत राहिले, आचरेकरांनी व्यक्तिचित्रण सोडलं नाही. शिवाय ‘कारागीर’ या शब्दात कमीपणा पाहण्याची सवय आपल्याला कुठून लागली, हे तपासायला हवं. जे. जे. ची स्थापना झाली तेव्हा तिच्या उद्देशांत कारागिरीचं शिक्षण ठळकपणे होतं. ललित कला वरची आणि उपयोजित कला खालची ही उतरंड नंतर पक्की झाली. तिचं नुकसान चित्रपटालाच नव्हे, चित्रकलेलाही झालं आहे.

तिसरा आक्षेप अलीकडचा. शब्द टाइप केले की संगणक काही क्षणांत राजवाडा, अरण्य, परग्रह काढून देतो. मग चित्रकाराची गरज काय? ज्यांचं काम केवळ आकर्षक दृश्य रंगवून निर्मात्याला दाखवणं एवढंच होतं, त्यांच्या पोटावर खरोखर गदा येते आहे आणि ते हलक्यानं घेऊ नये. पण त्या संगणकी राजवाड्याचे खांब मोजायला जा. समोरून सात दिसतात, सावल्या पाचच्या पडतात, जिना भिंतीत जाऊन संपतो. सुताराला त्यावरून काहीही कापता येत नाही. शेवटी कुणीतरी बसून त्या चित्राचं आराखड्यात रूपांतर करतो आणि ते करताना अर्ध्याहून अधिक गोष्टी नव्यानं ठरवतो. दृश्य मिळवणं जितकं सोपं होत जाईल, तितकं हे नव्यानं ठरवणंच मुख्य काम होईल. म्हणून या यंत्रांच्या भीतीनं कुणी रेखाटन सोडू नये; मापाचं रेखाटन तर मुळीच सोडू नये.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, कारण तो बव्हंशी खरा आहे. बुवापाड्यातल्या मुलीला माप कळलं, कथा वाचता आली, तरी सेटवर तिला आत घेणार कोण? आर्ट असिस्टंटचं काम ओळखीवर मिळतं. सुरुवातीला पैसे थोडे आणि अनियमित. शिफ्ट बारा तासांची म्हणतात आणि लांबते. गोरेगावहून रात्री सुटून अंबरनाथ-बदलापूर गाठायचं तर दादरला गाडी बदलून शेवटच्या लोकलवर भरवसा ठेवावा लागतो. अंधेरीत भाड्यानं राहू शकणाऱ्याला ही अडचण येत नाही. गुणवत्ता असली की वाट सापडते, हे वाक्य अशा वेळी क्रूर वाटतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. जुन्या ‘प्रभात’च्याच आवारात तो शिकवला जातो. पण जागा मोजक्या, आणि आधी पदवी हवी.

तरी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांपाशी एक भांडवल आहे, ते अंधेरीपाशी नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकूड, प्लाय, पॉलिश, सनमायका यांत आयुष्य घालवलेले सुतार आहेत. नवं कपाट जुनं कसं दिसेल हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. याच पट्ट्यात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी नवं कापड विटकं करण्याचं तंत्र धंदा म्हणून पाळलं. त्या रसायनांनी वालधुनीचं जे केलं ते अक्षम्य आहे, पण कापडाचं वय वाढवण्याचं ते ज्ञान वेशभूषाकाराला रोज लागतं. अंबरनाथमध्ये विम्कोनं आगपेट्या काढल्या. ‘शिप’ छापाचं इवलंसं चित्र म्हणजे मोजक्या रंगांत आणि अंगठ्याएवढ्या जागेत सगळं सांगण्याचा धडाच होता. चित्रपटात काचेच्या बरणीवर, डब्यावर, दुकानाच्या पाटीवर लागणारी सगळी छापील सामग्री कुणीतरी नव्यानं काढत असतो, आणि ते काम बहुधा कथाचित्रकाराच्याच वाट्याला येतं. कलाविभागात पहिला पाय रोवण्याची ती आजची सर्वांत व्यवहार्य जागा आहे. ग्रेड परीक्षेतल्या मुलाला आपण वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र शिकवतो. त्याच्या हातात टेप देऊन ‘तुझी खोली मोज आणि वरून, समोरून, कापून अशी तीन प्रकारे काढ’ असं सांगायला एक तास पुरतो, खर्च काहीच येत नाही. एक कथा देऊन ‘यातल्या घरात काय काय असेल त्याची यादी कर आणि प्रत्येक वस्तू का, ते लिही’ एवढं सांगायला तर टेपही लागत नाही. हे कुठल्याही शाळेत उद्यापासून करता येईल.

पैशाचा प्रश्न मात्र शाळेनं सुटणारा नाही. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी राज्य शासनाच्या महामंडळाची आहे. तिथं सेट उभारणाऱ्या प्रत्येक निर्मितीनं कलाविभागात काही पगारी उमेदवार घ्यावेत आणि त्यांत कल्याणपलीकडच्या, पालघरच्या, कोकणातल्या कलाविद्यालयांतली मुलं असावीत, अशी अट भाडेकरारात घालणं अशक्य नाही. सेट मोडला की आराखडे रद्दीत जातात; त्यांची एक प्रत महामंडळानं ठेवून घ्यावी आणि विद्यार्थ्यांना पाहू द्यावी. कर्जतच्या स्टुडिओतही अशीच सोय झाली, तर बदलापूरच्या मुलीला रात्री उलट दिशेच्या लोकलनं तासाभरात घरी पोचता येईल, आणि शिकण्यासाठी तिला मुंबईत खोली शोधत बसावं लागणार नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन देसाईंचं त्याच स्टुडिओत निधन झालं, तेव्हा चर्चा झाली ती कर्जाची. त्या जागेत किती सुतार, रंगारी आणि आर्ट असिस्टंट घडले, त्यांचं पुढं काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. तो आता तरी विचारावा.